जवाईबुवाचा लोखंडी खोंड

१२ ऑगस्ट, रविवार
प्रमोद जवाई गाडी घेऊन दारात. गाडी नवी, दिसायला जुनी. पुण्याच्या कुण्या कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतलेली. गोल दिवा, पोट सुटलेली टाकी, खऱ्या कातड्याची सीट. टाकीवर दोन ठिकाणी गंज. रुमालानं पुसायला गेलो तर ओरडले, "भाऊ, हात नका लावू! हातानं रंगवलाय तो." म्हणजे गंजाचे वेगळे पैसे. आमच्या गोठ्याच्या टिनांवर याहून सरस माल फुकट पडून आहे.
बटनस्टार्ट नाही. का? "किकची मजा अलग असते, भाऊ." बऱ्याच वेळानं मजा आली, तोवर जवाई घामेघूम.
किंमत विचारली. पुन्हा विचारली, वाटलं ऐकण्यात चूक झाली.
गेल्या साली बोंडअळीनं गावाचा कापूस खाल्ला, यांचाही. रोडलगतचा प्लॉट विकला तेव्हा म्हणाले होते, बोअर मारतो.

१३ ऑगस्ट
शालूकडे गेलो. धाकटी बहीण, गावातच या जवायांना दिलेली. गोठा रिकामा. खैऱ्या नाही, चांद्या नाही.
"जोडी कुठं गेली?"
"उमरखेडच्या बाजारात. मी महागावले गेलती दवाखान्यात. आली तं दावं नुसतं लोंबून राह्यलं."
जोडी जवायांची नव्हतीच. लग्नात आबांनी शालूला गाय दिली, तिचे हे गोऱ्हे. हिनं हातानं भरवून वाढवलेले. प्लॉटचे पैसे कमी पडले म्हणून विकले. त्यात सीट आणि सायलेन्सर आला. थोडक्यात, जवाई खैऱ्यावर बसतात आणि चांद्या मागून हंबरतो.
शालू रडली नाही. दावं गुंडाळून खुंटीला टांगलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.
जावयाला तोंडावर बोलता येत नाही. ठीक आहे. पोळा येतोय. बैल उभे करतात त्या तोरणाखाली झडती, म्हणजे चिमटे काढणारं कवन, म्हणताना कुणालाही काहीही म्हणता येतं. ज्याच्यावर पडली त्यानंही सगळ्यांबरोबर हात वर करून 'हर हर महादेव' ओरडायचं आणि गिळायचं. गावात दरवर्षी झडत्या माझ्याच असतात. यंदा फक्त एक. पण अशी, की यांच्या नातवांनाही पाठ असेल.

१८ ऑ.
महागावपर्यंत मागं बसून गेलो. शत्रूची पाहणी.
हे माझ्या साप्ताहिकातल्या सदरात येणार नाही, इथं लिहितो. गाडी चांगली आहे. आवाज बरगड्यांत उतरतो. कापसाच्या शेतांमधून जाताना वाटलं, जाऊ दे, काही गोष्टींना किंमत लावू नये. मग बुडाखाली कोण आहे ते आठवलं. परतीला एसटीनं आलो.

२६ ऑ.
नवीन. जवाई गाडी पोळ्यात आणणार! जोडी नाही, तर तोरणाखाली गाडी उभी करणार. झूल, बाशिंग, घुंगरं सगळं. म्हाताऱ्या मंडळींत कालवा. जवाई म्हणतात, "लोक ट्रॅक्टर पुजतात, मंग माही गाडी काहून नाही? आता हाच आपला बैल."
पोलीस पाटील म्हणाले, "आणू द्या. तोरण कुणाच्या बापाचं नाही."
पुढचं तर फारच गोड. जवाई मला बाजूला घेऊन, "भाऊ, गाडीवर एक कडक झडती लेहा. तुमच्यासारखं कोणालेच जमत नाही."
"लिहितो की," म्हणालो. बकरा स्वतः सुरी धार लावायला घेऊन आला. एवढं सुख बऱ्याच दिवसांत नाही.

२ सप्टें.
झाली.

चारा खाणारी जोडी इकली, आणला पेट्रोल पेणारा खोंड,
टाकीवर गंज रंगवून आणला, आरशात पाह्यते तोंड,
याले जुंपू कायले, वखराले का डवऱ्याले?
इचारा, बाईची जोडी इकली ज्यानं, त्या नवऱ्याले!

शालूला म्हणून दाखवली. हसली. पदर तोंडाला लावून हसली, बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, "दादा, हे म्हणू नको."
"काहून?"
वणीचा कोळशाच्या ट्रकांवाला एक जण गाडी मागतोय म्हणे. मागितले तेवढे देईन म्हणतो. उमरखेडचा शेतकरीही जोडी परत द्यायला तयार आहे, पण रब्बीच्या पेरणीआधी. शालू नवऱ्याच्या मागं लागून त्याला विकण्यावर आणतेय, हळूहळू.
"तुह्या झडतीनं ह्यांचं नाक कापलं, तं गाडी मरेपर्यंत इकणार नाहीत. गाव म्हणन, झडतीले भेले. मले माही जोडी पाह्यजे. तुले टाळ्या."
टाळ्यांचं लागलं.

८ सप्टें.
हे नीट लिहून ठेवायला हवं.
आज खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. संध्याकाळी शालूकडे गेलो तर अंगणात गाडी, समोर दिवा, आणि शालू हातात वाटी घेऊन. कोमट लोणी, त्यात हळद. पळसाच्या पानानं गाडीचा खांदा शेकत होती. गाडीचा खांदा तिनं ठरवला सीटवर. पूर्ण सीटवर. चोळून चोळून, श्रद्धेनं. मग गेरूत हात बुडवून टाकीवर थप्पे. बरोबर त्या रंगवलेल्या गंजावर.
जवाई आतून धावत आले. "अवं, अवं! चामडं आहे ते!"
"बैलाचंही चामडंच असते जी."
"अवं पण..."
"तुमीच म्हनलं ना, हाच आपला बैल? मंग वरसाच्या सणाले त्याचे खांदे कोरडे ठेवू?"
सासू ओट्यावरून, "बरोबर आहे सुनबाईचं. सण मोडू नाही बापा."
जवाई उभेच. हळद चामड्यात मुरताना दिसत होती. शालूनं शेवटी गाडीला आवतन दिलं, उद्या जेवायला ये म्हणून. डोळे मिटून.
आणि ही मला म्हणते, झडती म्हणू नको.
घरी आल्यावर वाटलं, हिनं आपल्याच पायावर... आता वणीवाला कशाला घेतो?

९ सप्टें. पोळा
सकाळी जवाई आले, चेहरा विचित्र. डाग कसे काढायचे विचारायला त्यांनी वणीवाल्याला फोटो पाठवला होता. तो म्हणाला, अजिबात पुसू नका! असे थप्पे कुणाच्याच गाडीवर नाहीत, त्याचे वेगळे देतो. संध्याकाळी स्वतः येतोय.
म्हणजे किमतीचा प्रश्न मिटला. अशा गाडीची किंमत असाच दुसरा जवाई भेटला की ठरते.
जवाई म्हणाले, "देऊनच टाकतो, भाऊ. हिचं पडलेलं तोंड पाह्यवत नाही." थांबून, "तुमची झडती झाली ना लेहून? आज शेवटचं मिरवून घेतो गाडीले."
वाईट माणूस नाही. त्यामुळं माझी आणखीच अडचण.
शालू म्हणते, "आधी जोडी येऊ दे दादा. पुढच्या पोळ्याले म्हण, मी तुह्या बाजूले उभी राहीन." पुढच्या पोळ्यापर्यंत राग टिकतो का? तिनं आपला वाटीभर लोण्यात काढून घेतला. माझा जसाच्या तसा आहे.
चार वाजले. डफडं लागलं. गल्लीतून किकचे आवाज, गाडी सुरू होत नाही, पोरं ढकलताहेत. शालूनं खुंटीवरचं दावं काढून धुऊन वाळत घातलंय, इथून दिसतं.
पाटलांचा पोऱ्या बोलवायला आला. झडतीचा कागद उशीखाली ठेवून निघतोय. मुद्दाम.
पण ओळी पाठ आहेत.