झोळीतनं खाली आलो, त्याची हकीकत

वरची वाडी, वेल्हे

राजमान्य चिमाजी दाजी यांस,

रखमाजीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलाय खरा, पर डॉक्टरांनी पालथं पडायला मनाई केलीय. तवा उभ्यानंच हात जोडले असं समजून घ्या.) अक्काचे गुडघे कसे हायेत? भोंगवलीला ज्वारी कशी आलीय? हिकडं आमी समदी खुशाल. बयाबाईबी खुशाल, फक्त माझ्यावर रागावलीय. का, ते पुढं येईलच.

फोन करायचा सोडून कागद का, असं अक्का म्हणंल. एक तर वाडीवर रेंज येती ती फक्त आंब्याच्या बुडाशी. आन दुसरं असं, की फोनवर "हॅलो" म्हटलं की माझा गळाच भरून येतो. परवा गॅसवाल्याचा फोन आला, टाकी आलीय म्हणून सांगायला, तर मी रडलो. तो बिचारा "काका, कोण गेलं?" म्हणून इचारत बसला. दाजी, बाप गेला तवा ह्या डोळ्यांतनं पाणी आलं न्हवतं, हे तुमी बघितलंय. आन आता कोंबडी अंड्यावर बसलेली बघितली तरी मला भरून येतं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या व्हत्या, ह्या आपरेशननंतर माणूस हळवा होतो, समद्यांचंच होतं, घाबरू नका. पर त्या पुण्याच्या. हितं वाडीत समद्यांचं न्हाई, माझ्या एकट्याचंच होतंय.

आपरेशनला दोन महिने झाले. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं शिवलंय, आन पायातली शीर काढून काळजाला जोडलीय. (पाय आन काळीज ह्यांची कधी गाठ पडंल असं वाटलं न्हवतं.) आजून महिनाभर दोन किलोच्या वर काय उचलायचं न्हाई, हातावर जोर देऊन उठायचं न्हाई, आन खोकला आला की उशी छातीशी कवटाळून खोकायचं. उशी कवटाळून बसलेला माणूस कसा दिसतो ते तुमाला सांगायला नको. त्यात भेटायला येणारी माणसं. नारळ आणत्यात, तो सोलून पितो कोण, तर तीच, आन पिता पिता त्यांच्या वळखीतलं कोण कोण असंच आपरेशन करून महिन्याभरात गेलं ते सांगत्यात.

हे समदं सोसलं. पर मागल्या पंधरवड्यात मेंढी व्याली. आजवर आमच्या वाड्यात जन्मलेलं एकूणएक कोकरू पहिलं माझ्या हातात आलंय. ह्या खेपेला कोकरू भरलं तीन किलो. बयाबाईनं ते पुसलं, आईला लावलं, आन मी खाटेवर उशी धरून. त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं, की आपण आता माणसांत जमा न्हाई.

तवा गेल्या बुधवारी बयाबाई चाऱ्याला गेलेली बघून म्या काठी घेतली आन पठाराच्या वाटंला लागलो. मेंढरं वर व्हती. ही वाट मी मोठं बकरं खांद्यावर टाकून न थांबता चढलेलो हाय. पर निम्म्यात आलो न आलो तोच पायांत गोळे आले आन दम कोंडला. म्हटलं, जरा टेकावं. टेकायला दगड गावला तो नेमका बुटका. बसताना बसलो. मग ध्यानात आलं, की ह्यावरनं उठायचं तर हात टेकायला लागतील, आन हातांवर जोर द्यायचा न्हाई. म्हंजे उठायचंच न्हाई.

अर्ध्या तासानं शेजारची रत्ना शेरडं घेऊन आली. म्हणाली, "तात्या, हितं काय करताय?"

म्या म्हटलं, "हवा खातोय."

"मग खावा," म्हणाली आन गेली. (आता ह्यात तिची काय चूक?) चांगलं ऊन तापल्यावर परत आली. "आजून खाताय?" आता मात्र मी बोललो न्हाई, कारण तोंड उघडलं असतं तर रडलो असतो. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, पाण्याची बाटली हातात दिली आन कड्यावर जाऊन खाली वाडीकडं अशी आरोळी ठोकली, की तिचीच दोन शेरडं बिथरली.

आन मग दाजी, झोळी आली.

तुमाला ठावं हाय, रस्ता वाडीपतुर यायच्या आधी आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन खाली न्यायचा, तर पुढचा खांदा तीस वर्सं माझा. अडलेल्या बायका नेल्या, साप चावून पान लागलेला ज्ञानू नेला, ह्याच रत्नाची सासू भर पावसात नेली. खांद्याला घट्टा पडलाय, आजून हात लावला की कळतो. आन आता माझा पुतण्या सिद्धनाथ पुढं, दुधाच्या टेम्पोवाला गोरख मागं, आन घोंगडीत मी, पोत्यागत. ती पोरं काय वाईट चालत न्हवती. पर म्या आपलं आतनं सुरू केलं, डाव्या अंगाला दगड हाय, हितं पाऊल आडवं टाक, बांबू मानंवर न्हाई खांद्यावर घे. सिद्धनाथ जागच्या जागी थांबला आन म्हणाला, "तात्या, झोळीतल्यानं बोलायचं नसतं. तुमीच शिकवलंय."

म्या मग वर बघितलं. झोळीतनं नुसतं आभाळ दिसतं, हे मला तीस वर्सांत ठाऊक न्हवतं. म्या नेलेली समदी माणसं डोळं मिटून का पडायची, तेबी त्या दिवशी उमगलं. आपल्या वजनानं दुसरा धापा टाकतोय, ते कानानं ऐकायला लागतं. सिद्धनाथाचा श्वास मला मोजता येत व्हता. मग म्या आठवून बघितलं, की आपुन एवढी माणसं वाहिली, त्यातलं जड कोण वाटलं व्हतं? एकबी आठवंना. चेहरे आठवले, पाऊस आठवला, वजन कुणाचंच न्हाई.

खालच्या वळणावर त्यांनी झोळी टेकवली तवा म्या गोरखला इचारलंच, "लई जड झालो का रं?"

"लई म्हंजे लई," गोरख म्हणाला. "दोन महिने बसून खाताय."

समदी हसली. मीबी हसलो. हसताना छातीतली तार दुखली म्हणून दोन्ही हातांनी छाती दाबली, आन हसता हसता जो रडायला लागलो, तो थांबंचना. पोरं घाबरली. रत्ना मात्र म्हणाली, "रडू द्या तात्यास्नी. माझी सासूबी हितंच रडली व्हती." आन तिथंच खाली बसली, शेरडं वळत.

घरी बयाबाई दारात उभी. पोरांस्नी चहा दिला, मला पाणी दिलं. समदी गेल्यावर म्या इचारलं, "लई रागावलीस व्हय?" ती चुलीकडं बघतच म्हणाली, "आपरेशनच्या दिवशी तुमच्या चपला माझ्या हातात दिल्या आन तुमाला आत नेलं. सा तास त्या मांडीवर घेऊन बसले. देवाला म्हटलं, माणूस बाहेर येऊ दे. वझं उचलणारा दे, डोंगर चढणारा दे, असं काय म्या मागितलंच न्हवतं. तुमी कुणाला दाखवायला गेला व्हता?"

म्या काठी कोपऱ्यात ठेवली, दाजी. ती आजून तिथंच हाय.

आता सकाळ-संध्याकाळ आंब्यापतुर चालतो आन परत येतो. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलंय. तांदूळ निवडतो. काल बयाबाईनं ते कोकरू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. म्या म्हटलं, आता तर तीन किलोच्याबी वर गेलंय. ती म्हणाली, ते उचलायचं वजन, मांडीवरचं धरत न्हाईत. रडू येतं तवा येतं, मग जातंबी. तवा तुमी काळजी करू नका, आन एवढ्या लांब भेटायला यायची तसदी घेऊ नका. अक्काला नमस्कार, लेकरांस्नी आशीर्वाद.

आपला,
रखमाजी

ता. क. भेटायला येऊ नका म्हटलं, पर एक इचारायचं ऱ्हायलं. अक्कानं बयाबाईला सांगितलंय, की तुमी हल्ली विहिरीवरनं येताना मधीच थांबता, छाती चोळता आन पित्त झालंय म्हणता. डॉक्टरांनी पुण्याला तपासायला जा म्हणून लिहून दिलेली चिठ्ठी तुमी पेटीत कपड्यांच्या खाली घातलीय, हेबी तिला ठावं हाय. दाजी, मलाबी सा महिने पित्तच व्हतं. खरं सांगायचं तर हा एवढा कागद म्या त्याच्यापायीच काळा केला. भ्या वाटत असंल तर वाटू द्या. मला आजून वाटतं.

ता. क. दुसरा. पुण्याच्या दवाखान्यात येत्या मंगळवारची वेळ म्या तुमच्या नावानं घेतलीय. सकाळी नऊला नसरापूर फाट्यावर येतो, गोरखच्या टेम्पोतनं. चिठ्ठी घेऊन या, आपुन मिळून जाऊ. तुमी आला न्हाई तर मी काय परत जायचा न्हाई, तिथंच हायवेच्या कडंला बसून ऱ्हाईन. आन डॉक्टरांनी मला उन्हात बसू नका म्हणून बजावून सांगितलंय. पुढं तुमचं तुमी बघा.