चटईवरची लाही

हुडकेश्वर, नागपूर

प्रिय अपेक्षा,

तुझ्या सत्काराची पत्रिका आणि आमची विमानाची तिकिटं मिळाली. पिंटू गेल्यापासून मी तुझा फोन घेत नाही. आई अजून रागावली आहे का, असं तू बाबांना विचारतेस. त्या बिचाऱ्यांना काय सांगावं ते सुचत नाही, म्हणून मीच लिहायला बसले. होय, रागावले आहे.

शेजारच्या सिंधूताई तुझा फोटो आलेला पेपर घेऊन सगळ्या कॉलनीत फिरल्या. शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच फोडायचं आणि ते कुठं पडणार हे आधीच सांगायचं, ते काम आपल्या अपेक्षाचं. फोटोत वाळलेली दिसतेस. वेळेवर जेवत नसशील.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला तू हे आम्हाला समजावलं होतंस. चटईवर बत्तासे मांडलेस, ती शहरं. वरून लक्ष्मीपूजनातल्या लाह्या टाकल्यास, ती क्षेपणास्त्रं. बत्ताशावर येणारी लाही वरच्या वर झेलायचीस. एक मात्र नुसत्या चटईवर येत होती, ती पडू दिलीस. म्हणालीस, आपली पाडणारी क्षेपणास्त्रं महाग आणि मोजकी, समोरचा एकदम ढीगभर सोडतो. म्हणून मोकळ्या जागेत पडणारं सोडून द्यायचं, सगळे देश असंच करतात. पिंटूनं विचारलं, "अन् वावरात कोणी असन तं वं ताई?" तू नुसती हसलीस. त्यानं ती लाही उचलून खाल्ली आणि आम्ही सगळेच हसलो.

पुढं त्याला परदेशात भाजीच्या शेतावर काम मिळालं. तिथं लढाई चालू, मी अडून बसले होते. तूच म्हणालीस, क्षेपणास्त्रं पाडायचा तिथल्यासारखा बंदोबस्त जगात नाही, जाऊ दे त्याला. तू त्यातली शिकलेली, तुझ्या शब्दावर मी हो म्हटलं. पिंटू मिरची तोडत होता तेव्हा भोंगा वाजला. आसऱ्याची खोली लांब होती. तो धावला, पण पोचला नाही. वरून येणारं शेतात पडणार हे तिथल्या यंत्राला बरोबर कळलं होतं, म्हणून त्यानं ते सोडून दिलं. टीव्हीवर सांगितलं, हल्ला परतवला, शहर सुखरूप, एक परदेशी मजूर ठार. माझ्या लेकाचं नावसुद्धा घेतलं नाही.

तेरवीला तू माझ्याजवळ बसलीस आणि हळूच म्हणालीस, "आई, मशीन नाही चुकली वं." चुकली असती तर मी तिला माफ केलं असतं गं. हे मात्र मला अजून गिळवत नाही.

तिकिटं परत पाठवते आहे. नोकरी सोड असं म्हणत नाही; शहरातही माणसंच राहतात, आम्हीही राहतो. पण सत्कार आटोपला की तू इकडे ये. बुटीबोरीजवळच्या आपल्या वावरात कापसाची वेचणी चालू आहे, मी रोज तिथंच असते. ओळीत वाकलेल्या बायांना त्यांची नावं विचार, त्यांच्याबरोबर भाकर खा. मग परत जाऊन तुझ्या नकाशात आपलं वावर शोध. तिथं ‘मोकळी जागा’ असं लिहिलेलं असेल, तर कुणाला तरी सांग की तिथं माझी आई असते.

तुझीच,
आई