तीन दिवसांच्या जास्वंदीची निरवानिरव

देवाचे स्मरण करून.

मी, खाली सही करणारी, गल्लीत माई या नावाने ओळखली जाणारी, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, चष्मा पुसून, दिवसाउजेडी लिहून ठेवत आहे. हृदयाचे दुखणे आहे, ते डॉक्टरांच्या कागदात लिहिलेले आहे. बुद्धी मात्र ठिकाणावर आहे. कालच वाण्याची बेरीज चुकली ती मी उभ्या उभ्या दाखवली, याहून वेगळा पुरावा जोडत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. चिरंजीव व सूनबाई दोघेही कामावर गेले आहेत, आणि घरात उरला देव. तो दडपण आणत नाही, वाट पाहतो.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात "तुम्हाला काडीसुद्धा मिळायची नाही" वगैरे जे तोंडी बोलले असेन, ते सर्व या लेखाने रद्द समजावे.

कलम १. राहते घर माझ्या कै. पतींनी माझ्या नावे केले होते. ते माझ्या मागे माझ्या एकुलत्या एका मुलाच्या मालकीचे व्हावे. मागच्या अंगणातील एका जागेचा अपवाद आहे, तो कलम ५ मध्ये येईल. चिरंजीवांनी तेथवर वाचल्याशिवाय कोणालाही फोन करू नये.

कलम २. पासबुकात शिल्लक असेल ती चिरंजीव व सूनबाई यांनी निम्मी निम्मी घ्यावी. माझ्या मागे डामडौल नको. अंगावर नवे कापड आणू नये, कपाटात धुऊन घडी घातलेले आहे आणि ते मला शोभते.

कलम ३. शिवणयंत्र सूनबाईला. त्याचे पायडल कुरकुरते. तेल घातले की थांबते, सूनबाईसारखे नाही, हे गमतीने लिहिले आहे. पितळी खलबत्ता शेजारी भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला. तो गेली कित्येक वर्षे तिच्याकडेच आहे. तिने तो एका दुपारपुरता मागून नेला होता, एवढे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवावे आणि मग खलबत्ता तिचा झाला असे सांगावे.

कलम ४. आता अंगणातील जास्वंदीविषयी. ही मालमत्ता कोणत्याही सरकारी कागदावर नाही, म्हणून ती कोठून आली हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

दीर वेगळे निघाले तेव्हा अंगणाच्या मधोमध भिंत उठली. आमच्या बाजूला तांबडी जास्वंद राहिली, त्यांच्या बाजूला पिवळी. मला पिवळे फूल देवासाठी फार आवडे. मी जावेला भिंतीवरून म्हटले, "एक फांदी दे गं कलमाला." ती म्हणाली, "पानाला हात लावाल तर बघा माई! मग भिंत कशाला घातलीय?"

मी हात लावला नाही. मात्र पुढे तिच्या झाडाची एक फांदी आपण होऊन भिंतीवरून आमच्याकडे झुकली आणि तिच्या टोकाला फूल उमलले. मॅट्रिकच्या वर्गात बाईंनी आम्हाला जास्वंदीचे फूल उभे कापून त्याची आकृती काढायला लावली होती. पुंकेसर, स्त्रीकेसर, टोकाचे ते पाच मखमली ठिपके. ती आकृती संसारात कधी उपयोगी पडली नव्हती. त्या सकाळी पडली. मी समईसाठी वळलेली कापसाची एक कोरी वात घेतली, जावेच्या फुलावरचे पराग तिच्यावर टिपले आणि आमच्या तांबड्या फुलाच्या पाच ठिपक्यांवर हळूच फिरवली. देठाला शिवणाचा निळा दोरा बांधला. वाटणीपत्रात परागांचा उल्लेख नाही. मी वाचून पाहिले आहे.

ही गोष्ट एका वातीत साधली असे कोणी समजू नये. फूल गळायचे, कधी इवलेसे बोंड धरून तेही पिवळे पडून गळायचे. यांना, म्हणजे माझ्या पतींना, वाटे की मी अंगणात जप करते. "आज कोणत्या फुलाच्या कानात सांगितलंस?" असे ते विचारीत. शेवटी एक बोंड झाडावरच वाळून तडकले. आत बारीक लव असलेल्या काळ्या बिया. त्या मी तेलाच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या. जी रोपे जगली त्यांतली बरीचशी आईवर गेली, तांबडी. ती मी ज्यांनी मागितली त्यांना वाटली. एक रोप उशिरा फुलले, आणि पिवळे फुलले. अगदी जावेच्यासारखे पिवळे. मला हसू आले. इतका खटाटोप करून मी शेवटी तिचाच रंग घरात आणला होता. तरी देवाला पिवळे फूल मिळाले म्हणून मी समाधान मानले, आणि रोज पहाटे झाडावर उमलू घातलेले एकूण एक फूल खुडून देवापुढे ठेवू लागले. संध्याकाळी ते मलूल होई, सकाळी निर्माल्यात जाई. अशी वर्षे गेली. देवाचे फूल झाडावर ठेवायचे नाही ही माझी शिस्त. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हापासून आमचा वाद होता तो हाच. ती म्हणे, "अहो आई, झाडावर किती छान दिसतात! एक तरी राहू द्या." मी म्हणे, "झाड काय स्वतःच्या शोभेसाठी फुलतं?"

मग मला छातीच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवले. जाताना मी सूनबाईला बजावले, "काही झालं तरी देवाची फुलं चुकवू नकोस." ती "हो" म्हणाली. मला घरी आणले तेव्हा दुपार होती. चिरंजीवांनी हाताला धरून मागच्या दाराने आत नेले, आणि मी अंगणातच उभी राहिले.

झाडावर फुले होती. एकही खुडलेले नव्हते. मी रागावण्यासाठी तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. त्या एका झाडावर पिवळी फुले होती, शेंदरी फुले होती आणि गुलाबी फुले होती. गुलाबी म्हणजे कसे, तर बाळ झोपेतून उठते तेव्हा त्याचा उशीकडचा गाल असतो तसे.

मी म्हटले, "ही कोणी बांधली?"

सूनबाई म्हणाली, "बांधली नाहीत हो. कालचं पिवळं आज शेंदरी होतं. आणि परवाचं गुलाबी. मिटतच नाहीत संध्याकाळी. मी रोज बघतेय. रागावू नका, मला तोडवेनात."

जास्वंदीचे फूल एका दिवसाचे. सकाळी उमलावे, संध्याकाळी मिटावे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आणि हे फूल माझ्या अंगणात तीन दिवस जगायला आणि तीन रंग दाखवायला तयार होते, आणि मी रोज त्याला पहिल्याच पहाटे उचलत होते. ज्याच्यासाठी उचलत होते त्याने ते तसे घडवले होते, आणि त्याने मला एकदाही हटकले नाही. मी अंगणातल्या दगडावर बसले. चिरंजीव घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाले. मी त्यांना सांगितले, मला काही होत नाहीये, मी फक्त बघतेय.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची झाडाजवळ मांडून घेतली. रंग बदलताना दिसतो का हे मला पाहायचे होते. दिसत नाही. फुलावरून नजर काढली नाही तरी दिसत नाही. आणि तरी बदललेला असतो. पाठ केलेल्या सगळ्या स्तोत्रांत मला जे नीट कळले नव्हते ते त्या खुर्चीत थोडेसे कळले. ते मला लिहिता येत नाही, आणि मृत्युपत्रात त्याची गरजही नाही.

कलम ५. चिरंजीवांच्या मनात मागच्या अंगणात गाडीसाठी पत्र्याची शेड घालायचे आहे हे मला माहीत आहे. गवंडी येऊन पाहून गेला. मी आतून ऐकत होते. "झाडाचं काय?" असे गवंड्याने विचारले तेव्हा चिरंजीव म्हणाले, "काढून दुसरीकडे लावू. जास्वंद काय, बाजारात पन्नास मिळतात." हे बाजारात मिळत नाही. जगात ते एकच आहे, आणि त्याचे वय झाले आहे. माझ्यासारखेच, हलवले तर जाईल. याच्या फांद्या मातीत खोचल्या तर मुळे धरत नाहीत, कुजतात. मी पुष्कळदा खोचून पाहिल्या आहेत. सबब, झाडाच्या बुंध्याशी उभे राहून दोन्ही हात पसरले असता चहूकडे जेवढी जागा व्यापेल तेवढी जागा मी माझ्या सूनबाईच्या नावे करते. हात माझे धरू नयेत, आखूड आहेत. चिरंजीवांचे धरावेत. गाडी रस्त्यावर उभी राहील. तिला ऊन लागले तर ती सुकत नाही.

कलम ६. या झाडापासून नवे झाड फक्त पाचरकलमाने होते: साध्या तांबड्या जास्वंदीच्या खुंटाला चीर द्यायची, या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, आणि दुधाच्या पिशवीच्या पट्टीने घट्ट बांधायचे. माझे हात कापतात, माझी पाचर बसत नाही. सूनबाई रक्ततपासणीच्या ठिकाणी नोकरीला आहे, दिवसभर परक्या माणसांच्या दंडातली शीर शोधते. मी तिला ब्लेड दिले. ती म्हणाली, "आई, मला झाडातलं काही कळत नाही." मी म्हटले, "मला तरी माणसातलं कुठे कळतं? कर." तिने केलेल्या कलमाला पालवी फुटली आहे. कागदावरच्या कलमांना मी आकडे दिले आहेत आणि झाडाच्या कलमांना निळा दोरा बांधला आहे, वकिलांनी घोळ करू नये.

पहिले जगलेले कलम माझ्या जावेला द्यावे. या झाडाचा बाप तिच्या अंगणातला आहे. ते देताना खलबत्त्याचा विषय काढू नये, तो वेगळ्या दिवशी काढावा. ती "माझ्याच झाडाचं चोरलंय" असे म्हणेल. म्हणू द्यावे. फूल उमलले की तिसऱ्या दिवशी ती बोलायची थांबेल. मी थांबले होते.

कलम ७. रोपवाटिकेचे मालक दोनदा येऊन गेले. झाड विकत मागतात आणि त्याला आपल्या पत्नीचे नाव देतो म्हणतात. बाई चांगल्या आहेत, माझा राग नाही. पण झाड विकू नये. कलम हवे त्याला फुकट बांधून द्यावे, खुंट मात्र त्याने स्वतः आणावा. फुलाला माझेही नाव देऊ नये. मी फक्त वात फिरवली.

कलम ८. देवाला रोज या झाडाचे फूल वाहावे, पण खुडू नये. दाराशी उभे राहून, झाडावरच वाहावे. "असं चालतं का हो आई?" असे सूनबाईने विचारले आहे. चालते की नाही हे मी त्यालाच वर जाऊन विचारणार आहे. तोवर माझ्या जबाबदारीवर करावे.

कलम ९. मृत्युपत्र येथे संपणार होते. परंतु परवा रविवारी चिरंजीव शेडची मापे घ्यायला टेप घेऊन अंगणात गेले आणि तेथूनच ओरडले, "आई, जरा बाहेर ये! हे काय धरलंय इथे?"

बोंड होते. या झाडाने आजवर कधी बोंड धरले नव्हते. मी वात फिरवली नाही. सूनबाई म्हणते तिनेही नाही. भुंगा असेल, मुंगी असेल. चिरंजीव वाकून बराच वेळ पाहत राहिले. लहानपणी घड्याळ उघडले की असेच पाहत. मग त्यांनी टेप गुंडाळली आणि गवंड्याला फोन लावला. मी ऐकले ते असे: "नाही, आत्ता नको. पैशाचा प्रश्न नाही हो. झाडाला दिवस गेलेत."

यावर मी कलम ५ खोडणार होते. खोडलेले नाही. माणूस एका ऋतूत एक बोलतो, दुसऱ्यात दुसरे.

हे बोंड माझ्या मालकीचे नाही. ते मी घडवले नाही, सबब कोणाच्या नावे करण्याचा मला अधिकार पोहोचत नाही. ते झाडावरच वाळू द्यावे. तडकले की बिया आम्ही तिघांनी मिळून पेराव्यात. मी नसेन तर जावेला तिसरी धरावे. त्यांतून कोणता रंग येईल, तो किती दिवस टिकेल, हे आज पृथ्वीवर कोणालाही माहीत नाही, आणि या विचाराने मला दोन दिवस झोपेतही आनंद होतो आहे. पहिले फूल उमलेल तेव्हा घरात जो कोणी असेल त्याने हातातले काम ठेवून जवळ जाऊन उभे राहावे. एवढाच माझा त्यातला हिस्सा.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, वाचून पाहिले, बरोबर आहे.

ठिकाण : राहते घर, मागचे अंगण
तारीख : नऊ डिसेंबर, मंगळवार
सही : माई

साक्षीदार :
१. गल्लीतले डॉक्टर. माईंची प्रकृती तपासली; बुद्धी शाबूत आहे, माझ्या बिलातली चूकही त्यांनी काढली. (सही)
२. समोरच्या दुकानातले शिंपी. माईंनी आमच्या दोघांसमोर सही केली. सही करण्याआधी आम्हाला झाडापाशी नेले. बोंड आम्ही पाहिले. अजून हिरवे आहे. (सही)