भाताविरुद्ध मका

३ सप्टेंबर

मी निवडणुकीला उभी आहे! सकाळी चूल पेटवताना मला याचा पत्ताही नव्हता. दुपारी कळलं.

झालं असं की ह्यांच्याविरुद्ध लुराहच्या जागेसाठी कुणी अर्जच भरेना. बारा वर्षं गावाचे प्रमुख हेच. रस्ता केला, वरच्या वाडीपर्यंत वीज नेली, गावात मयत झालं आणि हे गेले नाहीत असं कधी झालं नाही — कोण कशाला उभं राहील? पण नियम असा की उमेदवार एकटा असेल तर निवडणूकच होत नाही. गावाचे कारकून पाक जुमारी जेवायला आले होते. तळलेल्या टेम्पेचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "मग बु लुराहनाच, आपल्या वहिनींनाच, उभं करा की! नावाला हो. सगळीकडे असंच करतात."

हे हसले. "हिला? हिला माझ्याविरुद्ध दोन शब्द बोलता येतील का?"

मीही हसले. सही केली. मग भांडी घासायला गेले.

९ सप्टेंबर

आज चिन्हं वाटली. आमच्याकडे उमेदवाराला पीक मिळतं. ह्यांना भाताची लोंबी, मला मक्याचं कणीस. हे खूश!

"भात माणसांना, मका कोंबड्यांना," पाक जुमारी म्हणाले. सगळं कार्यालय हसलं. मीही हसले, पण हसू घरापर्यंत टिकलं नाही. कोरड्या महिन्यांत वरची वाडी मकाच खाते. भरडून, शिजवून, भातासारखा. कोंबड्या कुठल्या?

१४ सप्टेंबर

फलकासाठी फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "बु, एवढं छान हसू नका, मतं पडतील!"

२२ सप्टेंबर

झऱ्यावर कपडे धुताना बायकांनी माझी पार दैना केली.

"काय गं, घरात प्रचार कसा चाललाय? एका उशीवर भात, एका उशीवर मका?"

"रात्री हातमिळवणी होते की नाही?"

हसून हसून कातिनाहचा साबण वाहून गेला. म्हातारी सार्पी तेवढी हसली नाही. तिला स्वतःची वीतभर जमीन नाही. जन्मभर दुसऱ्यांचं भात लावलं, दुसऱ्यांचं कापलं. म्हणाली, "पोरी, तुला मत दिलं तर तू काय करशील?"

"मला नको देऊस गं. ह्यांना दे."

"अशी उमेदवार मी पहिल्यांदाच बघते," ती म्हणाली आणि धुणं दगडावर आपटायला लागली.

२ ऑक्टोबर

काय करून बसले मी!

दुपारच्या नमाजानंतर गावच्या सभागृहात उमेदवारांची भाषणं होती. माझं भाषण ह्यांनी लिहून दिलेलं. 'गाव अनुभवी हातांत सुरक्षित आहे' वगैरे. मी दोन ओळी वाचल्या, तेवढ्यात मागून सार्पी उठली.

"कागद ठेव खाली. एकच सांग. लुराह झालीस तर लुराहच्या शेताचं काय करशील?"

जो लुराह होतो त्याला ते शेत कसायला मिळतं. झऱ्याखालची पाच खाचरं. आमच्या सगळ्या कालिरांदू गावात त्याच्या तोडीची जमीन नाही.

मी हो-ना काही ठरवलं नाही. तोंडातून आलं ते आलं. म्हटलं, "बारा वर्षं त्या शेतात मी लावणीला उतरते. माझ्या एका बाजूला सार्पी असते, दुसऱ्या बाजूला कातिनाह. चिखलात कंबर आम्हा सगळ्यांचीच मोडते, पण भात माझ्याच कोठीत येतो. मला हे बरं वाटत नाही. कधीच वाटलं नाही. मी लुराह झाले तर ते शेत ज्यांना जमीन नाही त्यांना कसायला देईन. पाळीपाळीने."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती ते आत ऐकू येत होतं. मग मागच्या बाकावरून टाळ्या सुरू झाल्या. मग मधून. मग पुरुषांकडूनही!

हे पहिल्या रांगेत बसले होते. गोठ्यातली म्हैस अचानक बोलायला लागली तर माणूस जसा तिच्याकडे बघेल, तसे बघत होते माझ्याकडे.

३ ऑक्टोबर

"माझा भात तू भर सभेत वाटून टाकलास!"

"तुमचा कुठे? गावाचा."

हेही तोंडातून निसटलं. काय झालंय मला!

"त्याच भातावर आपली रिनी शिकली, नर्स झाली. विसरलीस?"

नाही विसरले. हे त्यांचं खरं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या मशिदीबाहेर सगळ्यांना सांग, चुकून बोलले म्हणून."

"चुकून नाही बोलले."

"मग कशी बोललीस?"

"ते मलाही ठाऊक नाही. पण चुकून नाही."

संध्याकाळी रिनीचा फोन. "आई! कुणीतरी तुझा व्हिडिओ टाकलाय! मी हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना दाखवला! बाबांना सांगू नको हं."

४ ऑक्टोबर

हे पाक जुमारींकडे गेले होते — माझं नाव मागे घेता येईल का विचारायला. जुमारी म्हणाले, "येईल की. पण मग उमेदवार एकच उरतो, आणि निवडणूक रद्द." घरी येऊन टोपी खुंटीला अशी मारली की खुंटीच पडली. मी स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून हसले. खूप दिवसांनी.

७ ऑक्टोबर

उंबऱ्यावर मका! उकडलेला, भाजलेला, गूळ-खोबरं घालून केळीच्या पानात बांधलेला. कोण ठेवून जातं दिसत नाही. घरात मक्याशिवाय दुसरं काही राहिलं नाही. हे फक्त भात खातात. मुद्दाम, दोनदा वाढून घेऊन.

११ ऑक्टोबर

आज माझी मी, कुणी न सांगता, वरच्या वाडीत प्रचाराला गेले. आवाज पहिल्यांदा चिरकला, मग लागला.

एक जण म्हणाला, "बाईने नवऱ्याविरुद्ध उभं राहायचं? पाप आहे."

सार्पी म्हणाली, "उभी कुणी केली? नवऱ्यानेच ना? मग पाप त्याच्या खात्यावर मांड!"

सगळी वाडी हसली. तो माणूसही. मग बायका आपलं आपलं सांगायला लागल्या — पाण्याची टाकी फुटलेली, बाळंतिणीला खाली न्यायला गाडी नाही, बी-बियाणं खालच्या वाडीला आधी मिळतं. मी ऐकत बसले. बारा वर्षं या घरांसमोरून गेले, प्रत्येक लग्नात जेवले, आणि यातलं मला अर्धंही माहीत नव्हतं. ह्यांना तरी होतं का?

उतरताना पाय जमिनीवर टेकत नव्हते.

१९ ऑक्टोबर

उद्या मतदान. भीती वाटते. हरण्याची नाही.

२० ऑक्टोबर

जिंकले!!

हात थांबत नाही आणि कुठून लिहू कळत नाही. सकाळपासूनच लिहिते.

उमेदवारांनी दिवसभर मंचावर बसायचं, गावासमोर, न बोलता — ही आमची रीत. शाळेच्या मैदानात मांडव, नारळाच्या झावळ्यांची कमान, आणि खाली शेजारी शेजारी दोन खुर्च्या. ह्यांच्या डोक्यावर भाताच्या लोंबीचं चित्र, माझ्या डोक्यावर कणसाचं. मी लग्नातली हिरवी केबाया घातलेली, ह्यांनी डोक्याला बाटिक बांधलेलं. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आहेराची पाकिटं कुठे द्यायची हो?" अख्खं मैदान हसलं! ह्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिलं.

ऊन चढलं. मंचावर एकच पंखा, तो ह्यांच्याकडे तोंड करून. बऱ्याच वेळाने पाहिलं तर अर्धा माझ्याकडे वळलेला. कुणी वळवला, मी विचारलं नाही. बोलणं बंदच होतं आमचं.

लोक येत होते, खिळ्याने चित्राला भोक पाडत होते, कागद पेटीत टाकत होते. सार्पी आली ती नवी केबाया घालून. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! तिचा तो ताठा बघून मला रडू यायचं तेवढं राहिलं.

मग मोजणी. पाक जुमारी एकेक कागद उजेडाकडे धरायचे, भोकातून बघायचे आणि ओरडायचे. पहिली पेटी खालच्या वाडीची. "भात! भात! मका! भात! भात!" ह्यांची पाठ सरळ होत गेली. मी मांडीवरची बोटं बघत राहिले. म्हटलं, ठीक आहे, बोलले ना एकदा, पुरे झालं.

मग वरच्या वाडीची पेटी उघडली.

"मका! मका! मका! मका! भात! मका!" फळ्यावर खुणा करणारा मास्तर मागे पडायला लागला. बायका प्रत्येक मक्याला ताटल्या वाजवत होत्या. जुमारींचा घसा बसला, त्यांना पाणी दिलं, पुन्हा "मका! मका!" तिसरी पेटी मधल्या आळीची, आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची — तिथेही मका! शेवटी जुमारींनी खडू हातात घेतला, दोनदा बेरीज केली, ह्यांच्याकडे बघितलं, आणि बसक्या आवाजात म्हणाले, "एकशे चाळीस मतांनी... मका."

पुढचं धड आठवत नाही. कातिनाहने मला मंचावरून उचलून खाली घेतलं. कणसांची माळ गळ्यात. सार्पी माझे गाल दोन्ही हातांत धरून नुसती "पोरी, पोरी" करत होती. कुणीतरी ओरडलं, "बु लुराह!" आणि मी थबकले. बारा वर्षं हीच हाक ऐकते मी. तिचा अर्थ होता लुराहची बायको. आज तोच शब्द, तेच लोक — आणि अर्थ मी!

हे उठले होते. डोक्याचं बाटिक नीट केलं, माझ्यासमोर आले आणि परक्या माणसाशी करावा तसा हात मिळवला. "अभिनंदन." मंचाच्या मागच्या बाजूने उतरून गेले.

२१ ऑक्टोबर

हे शेतावरच्या खोपटात राहायला गेले. अंथरूण घेऊन.

१५ नोव्हेंबर

शपथ झाली. पांढरा गणवेश, छातीवर बिल्ला. गणवेश पुरुषाच्या मापाचा, बाह्या कातिनाहने आतून दुमडून शिवल्या. रिनी सुट्टी काढून आली, पहिल्या रांगेत बसून रडली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिकडे न बघता शपथ वाचली. आवाज खणखणीत!

२८ नोव्हेंबर

हे घरी आले. खोपट गळतं म्हणाले. म्हणजे मला नाही, मांजराला म्हणाले. मी ताट वाढलं.

५ डिसेंबर

लावणी!

झऱ्याखालची पाचही खाचरं. नऊ घरांना यंदाची पाळी, पुढच्या वर्षी दुसऱ्या नऊ. अशी लावणी मी कधी पाहिली नाही. बायका गुडघाभर चिखलात आणि थट्टा थांबत नव्हती. सार्पीने पहिलं रोप लावलं. खोचून झाल्यावर हात काढीचना. तशीच वाकून राहिली.

"काय गं, दुखतंय का कुठे?"

"नाही," ती म्हणाली. "माझं आहे ना, म्हणून बघतेय."

मीही उतरले, गणवेशाची पँट वर दुमडून. गावच्या प्रमुखाने चिखलात उतरू नये म्हणे — जुमारी बांधावरून ओरडत होते. कातिनाहने त्यांच्यावर चिखलाचा गोळा मारला. नेमका लागला!

दुपारी वरच्या बांधावर हे दिसले. बराच वेळ उभे. मग राहवलं नाही बहुतेक. "दाट लावताय! रोपांना वारा कुठून मिळणार?"

"मग खाली येऊन दाखव की!" सार्पी ओरडली.

हे वळून निघून गेले. पण बरोबर होतं त्यांचं. आम्ही विरळ लावलं.

९ डिसेंबर

जेवताना म्हणाले, "मीठ कमी आहे." मला म्हणाले! मांजर घरात नव्हतं.

३ जानेवारी

बेंडोसारीचे लुराह पाक हर्तोयो आले होते, ह्यांचे जुने दोस्त. शेजारचंच गाव. त्यांचीही निवडणूक जवळ आलीय, त्यांच्याविरुद्धही कुणी नाही. कॉफी पीत, माझ्या देखत ह्यांना म्हणाले, "तुझं चुकलं कुठे सांगू? तू बायकोला बोलू दिलंस! माझी विस्नी बघ. तोंडातून शब्द काढत नाही. तिलाच उभं करतो."

हे कॉफीचा पेला गोल फिरवत राहिले. ते गेल्यावर पेला स्वतः उचलून आत ठेवला. असं आधी कधी केलं नव्हतं.

१७ जानेवारी

संध्याकाळी मागच्या दारी विस्नी. "चाळण मागायला आले!" मोठ्याने म्हणाली, गल्लीला ऐकू जावं म्हणून. आत आल्यावर माझा हात धरला. "काल माझं नाव भरलं त्यांनी. नावाला. मुर्याती... सुरुवात कशी करायची गं?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. हर्तोयोच! एवढा ओरडत होता की आम्हाला चुलीपाशी ऐकू आलं — विस्नी तिकडे आलीय का? विस्नी पांढरीफटक.

"वहिनी? छे, इथे कुठे," हे म्हणाले. फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात आले, आम्हा दोघींकडे बघितलं.

"हळू बोला की जरा," म्हणाले. आणि मागच्या दाराला स्वतः कडी घातली.