ही गादी पुन्हा मांडू नये

मी, प्रमोदिनी नारायणराव क्षीरसागर, वय त्रेपन्न, व्यवसाय शिवणकाम व दिवाळी अंकांतून लोकांच्या खोड्या काढणे, राहणार कळंब, जि. धाराशिव, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या भावकीत असा दाखला फक्त माझ्याकडं आहे. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

१. माझ्या स्वकष्टाचं राहतं घर भाची आरोही हिला द्यावं. तिचे वडील, माझे थोरले बंधू रणधीरदादा, यांना काही ठेवलेलं नाही. कारण शेवटी कळेल.

२. विशीत माझी झोप उडाली. अखंड बोलायचे, साऱ्या गल्लीचे कपडे फुकट शिवायला घ्यायचे, तरी थकवा न्हाय. दादा म्हणाले, "येडाई आली अंगात." येरमाळ्याहून, येडाईच्या ठाण्यावरून, कवड्यांची माळ आली, मला देवी म्हणून बसवायला माजघरात गादी मांडली, दर मंगळवारी बाया नारळ घेऊन प्रश्न विचारू लागल्या. मीही उत्तरं द्यायचे. शेजारच्या नागूबाईंना सुनेची माफी मागायला लावली, तेवढं बरं झालं. पुढं कित्येक महिने अंथरुणातून उठवेना, तेव्हा म्हणे देवी रुसली. याला बायपोलर आजार म्हणतात, हे कळेस्तोवर निम्मी उमर गेली. देवीवर माझा राग नाही. आजही ओटी भरते, आणि गोळीही घेते.

३. दोन वर्षांमागं चैत्रात आरोहीची झोप उडाली. बोलणं धावतं, एका दमात चार धंद्यांचे बेत, टोकलं की चवताळायची. दादांनी गादी झटकायला काढली. मी उंबऱ्यात बसले.

"सरक प्रमू. मंगळवार हाय, बाया येत्याल."

"येऊ द्या. सांगते त्यांना, पोरगी दवाखान्यात गेलीय."

"देवीला दवाखाना? जिभेला काही हाड?"

"देवी असली तर गोळीनं जायची न्हाय, दादा. आजार असला तर उतरंल. लावता पैज?"

पैजेला दादा कधी न्हाय म्हणत नाहीत. स्वतःच आम्हाला एसटीनं धाराशिवला घेऊन गेले. औषध लागू पडायला वेळ लागला, डोस बदलावे लागले. आज आरोही शाळेत गणित शिकवते. मागं एकदा तिचाच फोन आला, "आत्या, झोप बिघडलीय, लई बोलायलेय मी. डॉक्टरांकडं चल." मला जे वीस वर्षांत कळलं नाही, ते पोरीनं स्वतः ओळखलं.

४. शिलाई मशीन माझ्या हाताखाली शिवणाऱ्या, मला थोरली बहीण मानणाऱ्या शबनमला. माझं बोलणं वाढलं की कात्री काढून घेऊन "बाजी, रात्री झोपल्या का?" असं तोंडावर विचारणारी ती एकटीच.

५. गादी मी उसवली आहे. कापूस पिंजून उशा केल्या, त्या आरोहीच्या. या घरात कोणाचीही झोप उडाली तर आधी डॉक्टर, मग नारळ.

६. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्यानं साक्ष करू नये म्हणतात. म्हणून दादांना वगळलं. मला त्यांची साक्षच हवी होती.

स्थळ : कळंब. दिनांक : १४ मे २०२५
सही : प्रमोदिनी ना. क्षीरसागर

साक्षीदार :
१) महालिंगप्पा बसप्पा स्वामी, शेजारी
२) रणधीर नारायणराव क्षीरसागर. (स्वहस्ते) माझ्या बहिणीनं माझ्यासमक्ष सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे. विशीत मी तिला गादीवर बसवलं, तेव्हा ती आजारी होती, हे मला ओळखता आलं नाही.