दगडात राहिलेला राक्षस

आप्पा,

काल पणतवंडासाठी सात रस्त्यावरच्या दुकानातून चित्रांचं एक पुस्तक आणलं. गुळगुळीत कागद, पानापानावर रंग. त्यात एक राक्षस आहे आणि तो पादतो. एवढीच गोष्ट. पादतो, ढेकर देतो, नाकातला शेंबूड बोटावर घेऊन परीला दाखवतो आणि शेवटी लाजून रानात पळून जातो. पोरगं हसून हसून गादीवरून खाली पडलं, त्याची आईही हसली. मी मात्र उठून देवापुढं जाऊन बसले. नातसुनेला वाटलं, म्हातारीला ओंगळ वाटलं. वाटू दे. तिला काय सांगू, की असलं पुस्तक माझ्या बापानं साठ वर्षांपूर्वी काढलं होतं, याच्याहून कितीतरी चांगलं, आणि ते मी मारलं?

शुक्रवार पेठेतलं आपलं घर म्हणजे पुढं छापखाना आणि मागं चूल. छापखाना म्हणायचात ते तुम्हीच. होतं एक हातानं फिरवायचं यंत्र आणि पाटाएवढे तीन-चार दगड. साड्यांच्या घड्यांवर, कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटवायची चित्रं तुम्ही त्या दगडांवर चरबीच्या शाईनं उलटी काढायचात. लक्ष्मीच्या उजव्या हातातलं कमळ तुम्ही डाव्या हातात काढताय हे मी बघत बसायची, आणि कागदावर ते बरोबर उजव्या हातात उमटलं की मला दर वेळी नवल वाटायचं. आई गेल्यावर माझी शाळा सुटली होती. तुमच्या हाताखाली मीच. एक काम छापून झालं की दगडावर बारीक वाळू आणि पाणी टाकून, वरून दुसरा दगड गोल गोल फिरवून जुनं चित्र घासून काढायचं, हे माझं काम. पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं होतं, "चित्र दिसंना झालं म्हणून हात थांबवायचा न्हाई. चरबी आत मुरलेली असती. दिसंना झाल्यावर अजून तेवढंच घासायचं. न्हाईतर नवं चित्र छापताना जुनं वर येतंय बघ."

आई गेल्यापासून मला परसाकडला एकटीनं जायची भीती वाटायची, भर दुपारीसुद्धा. अकरा वर्षांची घोडी, पण दारापाशी जाऊन उभी राहायची आणि परत यायची. एकदा तुम्ही विचारलंत, "काय गं, भ्यायलीस काय?" मी म्हटलं, "तितं राक्षस बसलाय." हातातली लेखणी खाली न ठेवता तुम्ही म्हणता, "बसलाय म्हंजे कसा? उकिडवा?" मी म्हणते, "व्हय." "मग त्येला जुलाब लागले असतील की. ज्येला जुलाब लागल्यात त्येला काय भ्यायचं? त्योच लाजायला असंल तुला." आणि एका वाया गेलेल्या लेबलाच्या पाठीवर तुम्ही तो काढलात: शिंगं, सुळे, हातात तांब्या आणि चेहऱ्यावर इतकी कळ की मला त्याची दयाच आली. त्या दुपारी मी एकटी गेले. दाराबाहेरून त्याला "सर जरा" असंही म्हणाले.

तिथून ते पुस्तक सुरू झालं. कामातून वेळ मिळेल तसं तुम्ही एका मोठ्या दगडावर आठ चित्रं काढत गेलात. राजकन्येला पळवणारा राक्षस गाडाभर पावटे खातो. हडळीचे पाय उलटे, म्हणून ती आपल्याच शेंबडात पाय देऊन घसरते. चेटकीण कानातल्या मळाची वात करून दिवा लावते. आणि शेवटी राक्षस असा पादतो की किल्ल्याचं छप्पर उडतं, आणि राजकन्या नाक धरून आपल्या पायांनी चालत बाहेर येते. राजपुत्र नाही, तलवार नाही. शेजारचे मास्तर म्हणाले, "अहो, हे मुलांच्या हातात द्यायचं?" तुम्ही म्हणालात, "त्यांच्या पोटात तेच हाय की, मास्तर." दगडावरून पहिले कच्चे कागद छापून काढले त्या दिवशी गल्लीतली पोरं आपल्या ओट्यावर दाटली. पलीकडची तेलुगू साळीण मागाच्या सुताच्या कांड्या भरता भरता उठून आली, आणि तिला आपले शब्द धड कळत नसूनही छप्पर उडालेलं बघून हसत भिंतीला टेकून खाली बसली. तुम्ही दारात उभे होता. आई गेल्यानंतर तुमचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मग दिवाळीचं काम आलं. एका बड्या व्यापाऱ्याची लक्ष्मीची लेबलं, घाई फार, आणि तेवढा मोठा चांगला दगड एकच. तुम्ही दगडाकडं बघत म्हणालात, "घास. पुन्हा काढीन की." मी वाळू टाकली. पावटे गेले, हडळ गेली, चेटकीण गेली. शेवटी छप्पर उडवणाऱ्या राक्षसाचं चित्र राहिलं. ते दिसेनासं झालं आणि मी थांबले. पुढं तेवढंच घासायचं होतं, ते घासलं नाही. विसरले नाही, आप्पा; मला पक्कं माहीत होतं. मला वाटलं, वरून नाही दिसला तरी आत राहू दे बिचारा. एवढीच अक्कल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही तुमच्या जिवावर.

छापताना दगड स्पंजनं ओला ठेवायचं काम माझं. पहिले कागद स्वच्छ निघाले. मग लक्ष्मीच्या मागं काहीतरी करडं दिसायला लागलं. तुम्हाला वाटलं, पाणी कमी पडतंय. "ओलं कर की नीट, हात चालव." मी ओलं केलं. मला दिसत होतं ते काय आहे. कमळाच्या बाजूला राक्षसाचं ढुंगण हळूहळू वर येत होतं आणि त्याच्या वाऱ्याचा ढग लक्ष्मीच्या मुकुटामागं पसरत होता. तुम्ही यंत्र फिरवत होता, तुमचं लक्ष वेळेकडं होतं, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. बोलले असते तर थोडेच कागद वाया गेले असते.

व्यापारी स्वतः आला. बरोबर दोन माणसं. ऐन लक्ष्मीपूजनाला कुणाच्या तरी पोरानं ते ओळखलं होतं आणि दुकानभर हशा झाला होता. लेबल तुमच्यापुढं ठेवून तो म्हणाला, "हे काय हाय? देवीच्या मागं हे काय काढलंय तुमी?" तुम्ही लेबल उजेडात धरलंत. मग माझ्याकडं पाहिलंत, अगदी क्षणभर. तुम्हाला कळलं होतं. "माझी चूक झाली," तुम्ही म्हणालात, "दगड मी घासला." तो म्हणाला, "चूक? ह्यो खोडसाळपणा हाय." त्याच्या दुकानातल्या लक्ष्मीपुढं तुम्हाला सगळ्यांदेखत नाक घासायला लावलं. मी दाराशी उभी होते. तुमच्या कपाळाला लागलेलं कुंकू घरी येईपर्यंत तुम्ही पुसलं नाही. त्या संध्याकाळी सगळे कच्चे कागद तुम्ही चुलीत घातलेत. मारलं असतंत तर मी जगले असते, असं आजही वाटतं.

पेठेतल्या कुणीच मग काम दिलं नाही. यंत्र गेलं, दगड गेले, आणि आपण जेऊरला आलो. तिथं स्टेशनावर मालाच्या पोत्यांवर गावांची नावं रंगवायचं काम तुम्हाला मिळालं. कमळाच्या पाकळीची शीर काढणारा हात कुंचल्यानं पोत्यावर गावाचं नाव ओढतोय, हे मी रोज डबा घेऊन गेल्यावर बघायची. एकदा तुम्हाला हसवावं म्हणून मी पाटीवर राक्षस काढला, तांब्या घेतलेला. तुम्ही पाटी हातात घेतलीत, ओल्या फडक्यानं पुसलीत, कोरडी केलीत आणि परत दिलीत. "पुरं झालं आता," म्हणालात. त्यानंतर आपल्या घरात कुणी कुणाला हसवायच्या भानगडीत पडलं नाही. मला तीच सवय लागली, आणि ती मी माझ्या पोराबाळांना दिली.

हे पत्र लिहून होईल, घडी होईल, आणि घरातलं कुणी बघायच्या आत मीच ते फाडून टाकीन. तुम्हाला पोचवायला टपालखातं नाही, आणि असतं तरी माझा धीर झाला नसता. कारण वर लिहिलं ते तुम्हाला सगळं माहीतच होतं. जे माहीत नव्हतं ते अजून लिहिलेलं नाही.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही सासरी आलात, खोकत, हातात पेरूंची पिशवी. मामंजी खुर्चीत बसलेले, कडक माणूस, घरात कुणी मोठ्यानं जांभई दिलेलीही त्यांना खपायची नाही. दुसरी खुर्ची नव्हती. पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही एकदम हळू आवाजात विचारलंत, "अगं, त्या आठ चित्रांचा एखादा कागद ऱ्हायला असंल का तुझ्याकडं? लई दिस झालं, डोक्यातनं गेलंय सगळं. एकदा बघितलं तर पुन्हा काढीन म्हणतो." तुमच्या डोळ्यांत काहीतरी आलं होतं, जेऊरला कधी न दिसलेलं. मामंजींनी मान वर केली. "कसला कागद?" मी म्हटलं, "काही नाही. तसलं काही नाही माझ्याकडं." तुम्ही मान हलवलीत. "बरं, बरं. नसंल," म्हणालात, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलात. पावसाळ्याआधीच तुम्ही गेल्याची तार आली.

चुलीत घालायच्या आधी एक कागद मी पोलक्यात लपवला होता, आप्पा. मला मामंजींपुढं लाज वाटली. खुर्ची नव्हती म्हणून तुम्हाला मी माझ्या माहेरच्या ट्रंकेवर बसवलं होतं. तो तिच्यात होता.