दारावरून काढलेला कागद

ता. शिरूर कासार,
दि. ५ फेब्रुवारी २०२६, गुरुवार

चि. सौ. वनमाला हिस थोरल्या जावेचा आशीर्वाद. हरिओम भाऊजींनाही सांग.

इकडं सगळं बरं हाय, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. तुझ्या संस्कृतीला गणितात पंचवीसपैकी बावीस पडले. केस लई वाढलेत, रोज दोन वेण्या घालून देते. तुझ्या दारातल्या कढीपत्त्याला पाणी घालते. तुमच्या टोळीला यंदा उसाचा फड जवळ मिळाला का लांब? भाऊजींचे टाके दुखत न्हाईत ना? पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झाला न्हाई तोवर गडी मोळ्या उचलायला गेला. सांगून ऐकतंय कोण!

तू म्हणशील, फोन असताना आक्काला पत्र कावून सुचलं. फोन भाऊजींच्या खिशात असतो. अन् हे मला तोंडानं बोलता यायचं न्हाई. ख्वाजाभाई उद्या टेम्पोतून तुमच्या टोळीला बाजरी घेऊन निघालाय, त्याच्या हातात देते. एकटी असशील तवा वाच.

मंगळवारी घराच्या कर्जाचे फायनान्सवाले दोघं आलते. हातात रंगाचा डबा. तुझ्या पुढच्या भिंतीवर तांबड्या अक्षरात लिहून गेले, 'हे घर कंपनीकडे गहाण आहे, कुणीही खरेदी करू नये.' सगळी गल्ली बघायला. सारजाबाई तर भरला हंडा डोक्यावर घेऊन तशीच उभी. मी लई भांडले. म्हणलं, माणसं ऊसतोडीला गेलीत, आल्यावर या. त्यातला एक म्हणला, "मावशी, नोटीस लावून साठ दिवस होऊन गेले."

काल मी बीडला त्यांच्या ऑफिसात गेलते. तिथं यास्मिन मॅडम म्हणून एक हायत. बाई चांगली हाय, बसायला खुर्ची दिली. सहा हप्ते थकलेत म्हणल्या. वसुलीवाला तुमाला तोंडी बोलला होता ना, पाडव्याला आल्यावर भरा, त्याला काही अर्थ न्हाई. नंबर बदलला तो तुमी कळवला न्हाई, त्यामुळं त्यांचे फोनही लागले न्हाईत.

पण वाट अजून बंद झाली न्हाई. सोळा तारखेच्या आत तुमी दोघांनी येऊन अर्ज दिला अन् दोन हप्ते भरले, तर कर्जाची मुदत वाढवायची त्या वर शिफारस करतील. सहा हजार चारशेचा हप्ता साडेचारवर येईल. भाऊजींचे दवाखान्याचे कागद आणा, त्याचा उपयोग होतो म्हणल्या. सोळा उलटली की फाइल ताबा घेणाऱ्यांकडं जाती, मग त्यांच्या हातात काही राहत न्हाई. तसं झालंच तर लिलावाच्या आधी आपणच गिऱ्हाईक बघून विका, लिलावात मातीमोल जाईल, हेही सांगितलं. म्हणलं, माझी सही घ्या. तर म्हणल्या, "मावशी, तुमचा यात काय संबंध?"

तुझी पुढची खोली रस्त्याला हाय. डेअरीवाला दोन हजार भाडं द्यायला तयार हाय, मी आज विचारलं. माझ्या दोन्ही शेळ्या विकल्या, साडेबारा हजार आले. वरचे तीनशे घालते. म्हणजे दोन हप्ते तयार हायत. उपकार समजू नकोस.

मॅडमनं मला कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला. तुझं दार, कुलूप, वर चिकटवलेला कागद. तारीख पंचवीस नोव्हेंबर. "मग ही नोटीस काढली कुणी?" म्हणल्या.

मीच काढली, वनमाला. लोकं वाचतील, भाऊजींची इज्जत जाईल, म्हणून पाण्यानं भिजवली, नखानं खरवडली अन् ट्रंकेत ठेवली.

इज्जतीसाठी काढली हे खरं हाय, पण अर्धंच खरं हाय. कागद वाचल्यावर मला बरं वाटलं. व्हय, बरं वाटलं! तुझ्या घराला स्लॅब झाला तवापासून मी माझ्या पत्र्याखाली जळत होते. वास्तुशांतीला तू पाहुण्यांसमोर म्हणलीस, "आक्काला स्लॅबखाली झोप यायची न्हाई, तिला पत्र्याचा आवाज लागतो." सगळे हसले. तू गमतीनं बोललीस. मी ते तीन वर्षं मनात धरून बसले. म्हणलं, बसू दे हिला जरा चटका. साठ दिवसांची मुदत कागदावर लिहिलेली होती, ती मी वाचली होती. चार दिवसांनी राग गेला अन् भीती बसली. जसे दिवस गेले तसं सांगणं आणखीच अवघड झालं.

मुकादम सोडत नसंल तर खाडा लावू दे, चार दिवसांची मजुरी कापू दे. पण दोघंही या. आधी ऑफिसात जा. मग माझ्या दारात ये अन् गल्लीला ऐकू जाईल असं मला बोल. मी आत पळणार न्हाई.

अजून एक राहिलं. तेच लिहायला हात उचलत न्हाई. कागद काढत होते तवा संस्कृती शाळेतून आलती. तिनं पाहिलं, मोठ्यानं वाचलंही. मी म्हणलं, आईला सांगू नकोस, आई तिकडं रडत बसंल. दर रविवारी फोनवर ती तुला 'सगळं ठीक हाय' म्हणती ना, ते मी शिकवलेलं हाय.

मंगळवारपासून ती नीट जेवत न्हाई. काल मी बीडहून आले तर उंबऱ्यात बसलेली. म्हणली, "मोठी आई, मी आईला सांगितलं असतं तर घर राहिलं असतं का?"

तू ये अन् चूक तिची न्हाई, हे तिला तुझ्या तोंडानं सांग. माझं तिला आता काही खरं वाटत न्हाई.

माफी मागत न्हाई. ये, एवढंच मागते.

छबुबाई